उन्हाळी ओढ्याचा जमाखर्च

डोंगरपायथ्याच्या कोणत्याही गावात वैशाखाच्या तोंडाशी ओढा आटला म्हणजे त्याची दोन कारणे ठरलेली असतात: एक तर गेल्या पावसाळ्याने हात आखडता घेतला, नाही तर वरचे रान कोणी तरी तोडले. ह्या दोन्ही कारणांत तथ्य आहे, आणि तरीही ती दोन्ही मिळून ओढ्याची पुरती कैफियत होत नाही. कारण ज्या वर्षी पर्जन्यमापकाने सरासरीहून अधिक आकडा दाखवला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात झरा लवकर आटावा, किंवा ज्या डोंगरावर झाडी नव्याने दाट झाली त्याच डोंगराखालचा ओहोळ क्षीण व्हावा, असेही घडते, आणि त्यातील दुसरी गोष्ट तर जगाच्या निरनिराळ्या भागांत काटेकोर मापाने नोंदली गेली आहे. उगमाजवळच्या अरण्यातील ओढ्यास उन्हाळ्यात जे पाणी असते ती एक शिल्लक असते, आणि तिच्या खात्यात काही रकमा गेल्या भाद्रपदातल्या, काही दोन-तीन वर्षांपूर्वीच्या, तर काही चाळीस वर्षांपूर्वी लावलेल्या किंवा जळून गेलेल्या झाडांच्या नावे पडलेल्या असतात. ही शिल्लक कशी पडते, वर्षागणिक ती का बदलते, आणि तिच्यावरून अरण्याविषयी कोणते अनुमान काढणे रास्त ठरते, हे पाहणे हा प्रस्तुत प्रकरणाचा हेतू आहे.

प्रथम ओढा कोणता, हे निश्चित करू. ज्याच्या माथ्यावर दुसरा ओढा नाही, ज्याचे पाणलोट क्षेत्र काही दशक हेक्टरांपासून फार तर काही शेकडा हेक्टरांपर्यंत आहे, आणि ज्याचे काठ रानाने वेढलेले आहेत, असा उगमाकडचा प्रवाह येथे अभिप्रेत आहे. महाबळेश्वराच्या पठारावरून कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री ह्या पाच नद्या निघतात, भीमाशंकराच्या रानातून भीमा निघते. परंतु त्या नद्यांचे नाव ज्या रेषेपासून सुरू होते तिच्याही वर असंख्य निनावी ओहोळ असतात, आणि नदीची खरी भरती तेच करीत असतात. मोठ्या नदीत अनेक खोऱ्यांचे पाणी एकत्र येत असल्यामुळे एकीकडची तूट दुसरीकडच्या वाढीने भरून निघते. उगमावरच्या ओढ्याला ही सवलत नाही. त्याचा डोंगर एक, माती एक, रान एक, त्यामुळे ह्या तिहींपैकी एकात किंवा हवामानात जो फेरफार होईल तो त्याच्या प्रवाहात उघडा पडतो. वर्षभराच्या एकूण पाण्यात उन्हाळ्याच्या पाण्याचा वाटा अगदी अल्प असतो खरा, परंतु गुरांचे पाणी, वाडीचे पिणे, डोहातील मासे व काठची झाडे ह्या सर्वांचा निर्वाह त्याच अल्प वाट्यावर होत असतो.

पाऊस थांबल्यावर सात-आठ महिने हे पाणी येते कोठून, ह्या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. डोंगराच्या पोटात पाण्याने भरलेले एखादे भांडार असावे आणि त्याच्या फटीतून धार लागावी, अशी कल्पना आपण सहज करतो, आणि काही डोंगरांबाबत ती यथार्थही आहे. तथापि अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यात १९३४ मध्ये स्थापन झालेल्या कोविटा येथील जलवैज्ञानिक प्रयोगशाळेत ह्यूलेट व हिबर्ट ह्या संशोधकांनी १९६० च्या सुमारास एक प्रयोग केला, त्याने ह्या कल्पनेस मोठी पुस्ती जोडली. त्यांनी डोंगरउतारावर काँक्रीटची लांब, तिरपी पन्हळ बांधून ती रानातल्या मातीने ठासून भरली, ती पाण्याने पूर्ण भिजवली, बाष्पीभवन होऊ नये म्हणून वरून झाकली, आणि खालच्या तोंडाशी येणारे पाणी मोजीत राहिले. पहिल्या काही दिवसांत मोकळे पाणी वाहून गेले. त्यानंतर मातीत पाण्याने तुडुंब भरलेला असा थर तळाशी किंचितच उरला होता, आणि तरीही केवळ ओलसर असलेल्या मातीतून पाणी कित्येक महिने झिरपत राहिले. तात्पर्य, उतारावरची जाड माती ही स्वतःच एक साठवण आहे, आणि तिच्या कणाकणाला चिकटलेला ओलावा अतिशय मंद गतीने का होईना, ओढ्याकडे सरकत असतो.

सह्याद्रीत ह्या मातीखाली एकावर एक पसरलेले ज्वालामुखीय कातळाचे थर आहेत. त्यांपैकी काही थर अभंग व कठीण, तर काही सच्छिद्र, कुजट आणि भेगाळलेले असतात. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या, चिकट मातीची पट्टी सापडते, जी पाण्यास सहसा खाली जाऊ देत नाही. वरून मुरलेले पाणी ह्या पट्टीपर्यंत येऊन आडवे वाहते आणि जेथे डोंगराची कड तो थर कापते तेथे झऱ्याच्या रूपाने प्रकट होते. एकाच उंचीवर ओळीने झरे लागतात ते ह्यामुळे. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या पठारांवर माथ्याला जांभ्याचे छत्र असते, आणि जांभा हा छिद्रमय दगड असल्याने तो पाणी लवकर आत घेतो. कोणत्या ओढ्याची साठवण किती, हे अशा रीतीने बऱ्याच अंशी भूस्तराने ठरवून टाकलेले असते; वर्षागणिक बदलणाऱ्या गोष्टी त्यानंतर येतात.

पाऊस थांबल्यानंतर ओढ्याचा प्रवाह कसा उतरतो, ह्याचे स्थूल गणित फ्रेंच अभियंता एदमाँ मेये ह्याने १९०५ मध्ये मांडले. साठा जितका उरलेला असेल तितक्या प्रमाणात त्यातून पाणी बाहेर पडते, असे धरले तर प्रवाह ठरावीक मुदतीत निम्मा होतो, पुढच्या तितक्याच मुदतीत त्याच्या निम्मा होतो, आणि हाच क्रम पुढे चालतो. उदाहरणादाखल असा एक ओढा कल्पू की ज्याचा प्रवाह १ ऑक्टोबरला, शेवटच्या पावसानंतर, सेकंदास १६ लिटर आहे आणि दर ४० दिवसांनी निम्मा होतो. १० नोव्हेंबरला तो ८ लिटर होईल, २० डिसेंबरला ४, जानेवारीच्या अखेरीस २, मार्चच्या दहा तारखेस १, १९ एप्रिलला अर्धा आणि २९ मे रोजी पाव लिटर. सेकंदास पाव लिटर म्हणजे दिवसास २१,६०० लिटर, दरडोई ४० लिटर धरल्यास ५४० माणसांचे पाणी. आता हाच ओढा ४० ऐवजी ३० दिवसांत निम्मा होत असता, तर त्याच २९ मे रोजी त्यात सेकंदास एक सोळांश लिटर म्हणजे दिवसास केवळ ५,४०० लिटर पाणी राहिले असते. ऑक्टोबरात दोन्ही ओढे सारखेच होते. मुदतीतल्या दहा दिवसांच्या फरकाने मेअखेर चौपट तफावत पडली. प्रत्यक्षातले ओढे ह्या नियमाने तंतोतंत चालत नाहीत, पुष्कळांचा उतार सुरुवातीस वेगाने होतो आणि मागाहून मंदावतो. परंतु ह्या गणिताने एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते, ती ही की उन्हाळ्याच्या शेवटचा प्रवाह हा लहानशा फरकांचा वाढत गेलेला परिणाम असतो.

ह्याच गणिताचा दुसरा निष्कर्ष पावसाविषयी आहे. पहिल्या ओढ्याच्या बाबतीत पावसाळा १ ऑक्टोबरला न संपता परतीच्या पावसाने तो १० नोव्हेंबरपर्यंत साठा भरलेला ठेवला, तर २९ मे रोजीचा प्रवाह पाव लिटरऐवजी अर्धा लिटर, म्हणजे दुप्पट असेल. वीस दिवसांची वाढ मिळाली तरी तो सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढेल. येथे एकूण पावसाचा आकडा कोठेच आला नाही. महाबळेश्वरासारख्या ठिकाणी, जेथे वर्षास साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तेथे माती व कातळ ह्यांची साठवण आषाढातच भरून जाते आणि त्यानंतरचा मुसळधार पाऊस पुराच्या रूपाने वाहून जातो. अशा डोंगरावर जुलैमध्ये हजार मिलिमीटर अधिक पडले काय किंवा कमी पडले काय, मे महिन्याच्या ओढ्यास त्याची फारशी दखल नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस किती दिवस रेंगाळला, ह्याची मात्र असते. तेथून पूर्वेस काही कोसांवर, पर्जन्यछायेच्या कडेला, साठवण पुरती भरण्याची शाश्वती नसते आणि तेथे एकूण पावसाचा आकडा निर्णायक ठरतो. एकाच तालुक्यातील दोन गावे एकाच वर्षाविषयी परस्परविरुद्ध साक्ष देतात त्याचे एक कारण हे आहे, आणि दोन्ही साक्षी खऱ्या असू शकतात.

जमेची बाजू पाहिली, आता खर्चाची. साठ्यातून ओढ्याकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेत झाडांची मुळे असतात, आणि ती आपला हिस्सा आधी उचलतात. सह्याद्रीच्या रानात पानझडीची झाडे माघ-फाल्गुनात पाने टाकून हा उपसा बराचसा थांबवतात. परंतु चैत्राच्या सुमारास, जमीन सर्वाधिक कोरडी आणि ऊन सर्वाधिक तीव्र असताना, कुसुंबास तांबडी लुसलुशीत पालवी फुटते, जांभळास नवे पान येते, आणि ही सर्व नवी पर्णसंपदा खोल मुळांनी वर आणलेल्या, गेल्या पावसाच्या पाण्यावर उभी राहते. जे वर्ष अधिक उष्ण व वाऱ्याचे, त्या वर्षी पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन अधिक, आणि तितकी ओढ्याची शिल्लक कमी. मार्च-एप्रिलमधील अवकाळी सरीने ही तूट भरून निघेल अशी अपेक्षा आपण करतो; पण ते पाणी बहुधा वरच्या वीतभर कोरड्या मातीतच जिरते आणि ओढ्यापर्यंत पोहोचत नाही. तिचा उपयोग झालाच तर इतकाच की, आभाळ भरून आल्याने दोन-चार दिवस झाडांचा उपसा मंदावतो.

झाडांचा हा उपसा ओढ्याच्या काठी डोळ्यांनी पाहता येतो, आणि तो पाहावा कसा हे सांगण्याजोगे आहे. लहान ओढा मोजण्यासाठी त्यावर आडवा बांध घालून मधोमध काटकोनाची त्रिकोणी खाच ठेवलेली धातूची पाटी बसवतात. खाचेतून पडणाऱ्या पाण्याची तळटोकापासूनची उंची मोजली की प्रवाह कळतो. ही उंची १० सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदास सुमारे ४.४ लिटर असतो. ती निम्मी, म्हणजे ५ सेंटिमीटर झाली की प्रवाह निम्मा न राहता पाऊण लिटरच्या आसपास येतो, कारण खाच खाली निमुळती होत जाते. ह्या रचनेचा गुण असा की अगदी क्षीण धारेतील फरकही मोजपट्टीवर दिसतो, आणि दोष असा की खाचेत एखादे वाळके पान अडकले तरी पाणी तुंबून आकडा खोटा पडतो. म्हणून मोजणाऱ्यास आधी पाला काढून, पाणी स्थिर होईतो थांबावे लागते. अशा बांधाशी उन्हाळ्यात दिवसभर तासातासाने नोंद घेतली तर पाणी पहाटे सर्वांत वर असते, दुपारनंतर ते काही मिलिमीटर उतरते आणि रात्री पुन्हा हळूहळू चढते. वरून पाऊस नाही, कोणी उपसा केला नाही. हा चढउतार काठच्या झाडांचा असतो. ऑरेगन राज्यातील एका ओढ्यावर ह्याचा सूक्ष्म अभ्यास झाला तेव्हा असे आढळले की ही दैनिक भरतीओहोटी घडवणारी झाडे पाणलोट क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी भागात, थेट प्रवाहालगत उभी असतात, आणि उन्हाळा जसजसा सरतो तसतशी ही लाट बारीक होत जाते व तिची वेळही उशिराकडे सरकते.

अरण्य आणि ओढा ह्यांच्या नात्याचा प्रश्न आपल्याकडे सरकारदरबारी आला त्याला पावणेदोनशे वर्षे झाली. पुण्याजवळ दापोडी येथील सरकारी वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, आणि दक्षिण कोकणातील रान झपाट्याने तुटत असल्यामुळे तेथील झरे व ओढे आटत चालल्याचा मजकूर त्यांनी सरकारपुढे मांडला. निरीक्षण प्रामाणिक होते. परंतु ओढा आटण्यास तोड जबाबदार होती की त्या वर्षांचा पाऊस, हे वेगळे करून दाखवण्याचे साधन त्या काळी कोणाजवळही नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमधील एमेंताल भागात दोन शेजारची खोरी, एक जवळजवळ संपूर्ण अरण्याने आच्छादलेले व दुसरे सुमारे एकतृतीयांश आच्छादलेले, एकाच वेळी मोजण्यास सुरुवात झाली. तेथेही एक शंका उरलीच: दोन खोऱ्यांत जो फरक दिसतो तो झाडांचा, की मुळात माती व उतार ह्यांचा? ती दूर करण्याची युक्ती अमेरिकेत कोलोराडोमधील वॅगन व्हील गॅप येथे योजली गेली. १९१० पासून दोन्ही खोरी आहेत तशी मोजून त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण प्रथम कायम केले. १९१९ मध्ये त्यांपैकी एकावरचे रान तोडले. आणि नंतर १९२६ पर्यंत, न तोडलेल्या खोऱ्याच्या प्रवाहावरून तोडलेल्या खोऱ्यात किती पाणी यावयास हवे होते हे काढून, प्रत्यक्ष आलेल्या पाण्याशी त्याची रुजवात घातली. पाऊस दोन्हीकडे सारखाच असल्याने वर्षावर्षातील हवामानाचा फरक ह्या रीतीत आपोआप वगळला जातो. पुढील संशोधनाचा पाया ह्याच जोड-खोऱ्यांच्या पद्धतीवर रचला गेला.

ह्या पद्धतीने दीर्घकाळ राखलेल्या दप्तरांत ऑरेगनमधील एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक अरण्याचे स्थान मोठे आहे. १९४८ मध्ये राखून ठेवलेल्या ह्या अरण्यात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि जुलै ते सप्टेंबर हे महिने कोरडे जातात. ऋतू आपल्याशी उलटे असले तरी, भरपूर पाऊस आणि त्यामागून लांबलेला कोरडा काळ हा क्रम सह्याद्रीसारखाच आहे. तेथील ९६ हेक्टरांच्या एका खोऱ्यावरचे शेकडो वर्षांचे डग्लस-फर वृक्षांचे रान १९६२ ते १९६६ ह्या काळात संपूर्ण तोडण्यात आले आणि शेजारचे खोरे जसेच्या तसे ठेवण्यात आले. तोडीनंतर उन्हाळी प्रवाह वाढला, आणि ही वाढ सात-आठ वर्षे टिकली. पाणी उचलणारी मुळेच गेल्यावर हे होणे स्वाभाविक होते. चौकशी येथेच थांबली असती तर रान तोडल्याने उन्हाळ्यातले पाणी वाढते असा निकाल लागला असता. मोजणी मात्र चालूच राहिली, आणि नवी लागवड पंधरा वर्षांच्या पुढे गेली तसा उन्हाळी प्रवाह जुन्या रानाखालच्या ओढ्याहूनही खाली गेला. टिमोथी पेरी व ज्युलिया जोन्स ह्यांनी २०१७ मध्ये अशा अनेक खोऱ्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध केला. त्यानुसार ३४ ते ४३ वर्षे वयाच्या लागवडीखालील खोऱ्यांत जुलै ते सप्टेंबरचा दैनिक प्रवाह दीडशे ते पाचशे वर्षांच्या जुन्या रानांतील प्रवाहाच्या मानाने सरासरी ५० टक्क्यांनी कमी होता.

जुन्या वृक्षांपेक्षा तरुण वृक्ष अधिक पाणी का पितात, ह्याचे कारण खोडाच्या आतल्या रचनेत आहे. झाडाचे पाणी बाहेरच्या जिवंत, ओल्या लाकडातून चढते; तरुण, दाट लागवडीत अशा लाकडाचे एकूण क्षेत्रफळ मोठे असते, आणि कोरड्या हवेत पर्णरंध्रे वेळीच मिटून घेण्याचा संयमही तरुण झाडांत कमी आढळतो. त्याच अरण्यात ओढ्याकाठच्या ४० वर्षांच्या व ४५० वर्षांच्या झाडीची तुलना केली गेली तेव्हा वाढीच्या हंगामात तरुण झाडीने सुमारे तिप्पट पाणी वापरल्याचे दिसले. दोन्ही ठिकाणी जमीन हिरवीच होती. नकाशावर दोन्हींची नोंद ‘अरण्य’ अशीच झाली असती.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराने हाच धडा एका भीषण वणव्यामुळे घेतला. १३ जानेवारी १९३९ रोजी व्हिक्टोरिया प्रांतात भडकलेल्या आगीत शहरास पाणी पुरवणाऱ्या डोंगरांवरचे उंच निलगिरी जातीचे रान मोठ्या प्रमाणावर जळाले, आणि त्या जातीच्या स्वभावानुसार राखेतून बीजांकुरांचे नवे, एकवयी, दाट रान उगवले. पाणीपुरवठ्याची मापे काटेकोर ठेवलेली असल्यामुळे पुढील काही दशकांत तेथून येणारे वार्षिक पाणी घटत गेल्याचे दिसून आले, आणि जॉर्ज कुझेरा ह्यांनी १९८० च्या दशकात त्याचे जे वक्र मांडले त्यानुसार नव्या रानाच्या सुमारे पंचविसाव्या-तिसाव्या वर्षी ही घट जुन्या रानाच्या उत्पन्नाच्या निम्म्याजवळ पोहोचते आणि ती भरून येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतात. हा आकडा सबंध वर्षाचा आहे, केवळ उन्हाळ्याचा नव्हे. तरीही १९३९ च्या त्या एका दिवसाची नोंद ओढ्याच्या खात्यात किती काळ चालू राहते, हे त्यातून स्पष्ट होते.

ज्या डोंगरावर मुळात रान नव्हते तेथे ते लावले तर काय होते, ह्याचे उत्तर अधिक कठोर आहे. दक्षिण आफ्रिकेतील मोकोबुलान येथे नैसर्गिक गवताळ खोऱ्यावर १९६९ मध्ये निलगिरी लावली गेली. नवव्या वर्षी तेथील बारमाही ओढा पूर्णपणे आटला. सोळाव्या वर्षी ती सर्व झाडे तोडण्यात आली, आणि तरीही ओढा पूर्ववत बारमाही होण्यास आणखी पाच वर्षे लागली. कारण खोल मुळांनी जमिनीच्या पोटातील जी पुंजी खर्च केली होती ती भरून निघाल्याखेरीज एकही पावसाळा प्रवाहाच्या वाट्याला नीट येऊ शकत नव्हता. आपल्या निलगिरी पर्वतातील ग्लेनमॉर्गन येथेही उटीच्या मृद्-जलसंधारण संशोधन केंद्राने प्रत्येकी सुमारे ३२ हेक्टरांची दोन खोरी मोजण्यास घेतली आणि १९७२ मध्ये त्यांपैकी एकाच्या ५९ टक्के क्षेत्रावर, गवताच्या जागी, निळी निलगिरी लावली. पहिल्या दहा वर्षांच्या चक्रात एकूण प्रवाह सुमारे १६ टक्क्यांनी घटला. तोडीनंतर बुंध्यांतून फुटलेल्या दुसऱ्या चक्रात ही घट सुमारे २५ टक्के झाली, आणि किमान प्रवाहाचा निर्देशांक पहिल्या चक्रात निम्म्यावर आणि दुसऱ्या चक्रात जवळजवळ पावपट झाला. एकूण पाण्यातली चौथाई गेली. उन्हाळ्याच्या पाण्यातली मात्र तीन चतुर्थांशाजवळ गेली.

येथवरचे आकडे वाचून कोणी असा ग्रह करून घेईल की झाडे ही ओढ्याची वैरी होत, तर तो जमाखर्चाची एकच बाजू वाचीत आहे. खर्चाबरोबर अरण्य जमाही करते, आणि ती जमिनीच्या पृष्ठभागावर घडते. जुन्या रानातील जमिनीवर पाल्याचा थर असतो, कुजलेल्या मुळांच्या पोकळ नळ्या, वाळवीची व खेकड्यांची बिळे असतात, आणि ह्या वाटांनी मुसळधार पाऊसही आत उतरतो. गुरांनी तुडवलेल्या, पाला झाडून नेलेल्या, वारंवार जाळलेल्या माळावर हेच पाणी गढूळ होऊन निघून जाते. खर्च करणारी झाडे तेथे नसतात, पण जमेची रक्कमही खात्यावर पडत नाही. डच जलवैज्ञानिक ब्रॉइनझील ह्यांनी १९८० च्या दशकाअखेर हा प्रश्न अशाच तोलाच्या रूपात मांडला: रान गेल्याने वाचलेले बाष्प अधिक, की न मुरता गेलेले पाणी अधिक, ह्यावर कोरड्या ऋतूतील प्रवाह वाढेल की घटेल हे ठरते. ग्लेनमॉर्गन व मोकोबुलान येथे मूळचे गवत निकोप होते आणि पाणी उत्तम मुरत होते. म्हणून लागवडीने जमेत भर पडली नाही आणि खर्च तेवढा वाढला.

सह्याद्रीसाठी ह्या तोलाचे माप उत्तर कन्नड जिल्ह्यात घेतले गेले. माइक बोनेल, जगदीश कृष्णस्वामी आणि बेळगाव येथील राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या केंद्रातील संशोधक ह्यांनी नैसर्गिक रान, अकेशियाची लागवड आणि उजाड झालेले रान अशा तिन्ही प्रकारच्या भूमीवरील मुरण व प्रवाह मोजले. भूजलात पडणारी भर नैसर्गिक रानात सर्वाधिक, उजाड भूमीत सर्वांत कमी आणि अकेशियाखाली त्या दोहोंच्या मध्ये आढळली. उजाड भूमीत बाष्पोत्सर्जनाची बचत होती, पण ती मुरण्यातल्या तुटीला पुरी पडत नव्हती. ह्याचा अर्थ असा की ज्या डोंगरावर पाऊस प्रचंड आणि अल्पकाळात पडतो, तेथे मातीचे तोंड उघडे राहणे हीच जमेची मुख्य बाब आहे, आणि वर्षानुवर्षे लावलेल्या एकजातीय रोपांना ते काम जुन्या रानाइतके साधत नाही. देवराईच्या कुशीतला झरा टिकतो ह्या समजुतीस येथे आधार मिळतो. परंतु तो झाडांच्या संख्येपेक्षा तेथील न तुडवलेल्या जमिनीचा अधिक आहे.

खर्च-जमेच्या ह्या विचारात एक बाब अद्याप राहिली, ती मागील बाकीची. एका वर्षाचा दुष्काळ पुढच्या चांगल्या पावसाने भरून निघतो असे आपण धरून चालतो, आणि उथळ मातीच्या डोंगरांवर ते पुष्कळसे खरेही आहे. परंतु व्हिक्टोरियात १९९७ ते २००९ पर्यंत चाललेल्या दीर्घ अवर्षणानंतर पाऊस परतला तरी, सात वर्षांनीही तृतीयांशाहून अधिक नद्यानाल्यांचे पाणलोट पूर्ववत झालेले नव्हते. तितक्याच पावसात त्यांतून पूर्वीपेक्षा कमी पाणी येत होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने सांगितले ते मोकोबुलानच्या पाच वर्षांशी जुळते. साठवण खोल असेल तर तिची स्मृतीही दीर्घ असते, आणि यंदाच्या ओढ्याचा जाब केवळ यंदाच्या पावसाला विचारणे अशा ठिकाणी अन्यायाचे होते.

ह्या सर्वांतून एखाद्या वाडीने काय घ्यावे? ओढा आटला त्या वर्षी घाईने काढलेला निष्कर्ष, मग तो पावसाला दोष देणारा असो वा रानाला, सहसा अपुरा असतो. आणि लागवड केल्यावर पहिल्या पाच वर्षांत ओढ्याची स्थिती पाहून तिचे गुणगान करणे किंवा तिला नावे ठेवणे हेही तितकेच अकाली असते, कारण नव्या रानाची खरी मागणी त्यानंतर सुरू होते. पिकांची आणेवारी आपण दरवर्षी काढतो, आणि भूजल सर्वेक्षणाची यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदते. उगमावरच्या ओढ्यासाठी ह्याहून अवघड असे काहीच करावे लागत नाही. शेवटच्या दमदार पावसाची तारीख लिहून ठेवावी. त्यानंतर दर आठवड्यास, पहाटेच्या ठरावीक वेळी, एकाच जागी प्रवाह मोजावा, खाच नसेल तर ठरावीक मापाची बादली किती सेकंदांत भरते एवढे टिपले तरी पुरे. आणि शेजारच्या दुसऱ्या घळीतला, वेगळ्या रानाखालचा ओढाही त्याच दिवशी मोजावा, म्हणजे पावसातला फरक व रानातला फरक एकमेकांपासून सुटे होतील. हे पुस्तक दहा वर्षे तरी खंड न पाडता चालले पाहिजे. मेलबर्नच्या वणव्याचा हिशेब पंचेचाळीस वर्षांनी मांडता आला, तो त्या शहराने मधल्या प्रत्येक वर्षाचे माप जपून ठेवले म्हणून. आपल्या डोंगरांवर आज जी लाखो रोपे लावली जात आहेत त्यांचा ओढ्यांवर होणारा परिणाम २०६० च्या सुमारास पूर्णपणे दिसेल, आणि त्या वेळी तुलनेसाठी लागणारे पहिले आकडे येत्या ऑक्टोबरातच घ्यावे लागतील.